माकडाला कडेवर घेतलेला फोटो अर्जात लावू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत प्राण्यांसोबत करिअर करण्यावर अर्ध्या पानाचा लेख होता तो वाचला. लेख ठीकच होता, पण वर जो फोटो छापलाय ना, माकडाचं पिल्लू कडेवर घेऊन हसणारी मुलगी, तो बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी १९ वर्षं एका प्राणिसंग्रहालयात माकडं आणि एप (म्हणजे चिंपांझी, गोरिलासारखे बिनशेपटीचे मोठे वानर) सांभाळायचं काम केलं, शेवटची काही वर्षं इंटर्नशिपचे अर्ज पण माझ्याच टेबलावर यायचे, आणि खरं सांगतो, अर्जाला असा फोटो चिकटवलेला दिसला की तो अर्ज खालीच जायचा. मुलांना वाटतं हा अनुभवाचा पुरावा आहे. आम्हाला त्यात एवढंच दिसायचं की या मुलाला अजून कोणी धड शिकवलेलं नाही.

यात शिष्टपणा नाही, कारण साधं आहे. आपले रोग त्यांना होतात, त्यांचे आपल्याला. माणसाच्या ओठावर ताप उतरताना येतो तो हर्पिसचा फोड, आपण मलम लावून विसरून जातो, तोच विषाणू मार्मोसेटसारख्या मुठीत मावेल एवढ्या माकडाचा जीव घेतो. उलट मकाक जातीच्या माकडांमध्ये (आपली लाल तोंडाची माकडं यातलीच) बी व्हायरस असतो, त्यांना त्याचा फारसा त्रास नाही पण माणसाला चाव्यातून झाला तर थेट मेंदूपर्यंत जाऊ शकतो. म्हणून चांगल्या ठिकाणी कामावर घेण्याआधी टीबीची टेस्ट मागतात, लसी झाल्यात का विचारतात, आणि सर्दी झाली तर आत यायचंच नाही असं सांगतात. तापात पण ड्युटीवर आलो हे इथे कौतुकाचं नाही, ओरडा बसतो. आणि फोटोबद्दल म्हणाल तर आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संघटनेतल्या प्रायमेट (माकडं, एप, लेमूर वगैरे) तज्ज्ञांच्या गटाने २०२१ साली त्यावर वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, की माकडाला हातात घेतलेले, अगदी जवळचे फोटो टाकू नका, लोकांना ते पाळायचे प्राणी वाटायला लागतात.

आता काम काय असतं ते तुमच्या लेखात दोन ओळीत उरकलंय, म्हणून जरा सांगतो. सकाळी आधी मोजणी, सगळे आहेत का, सगळे उठले का, रात्रीचं खाणं कोणी टाकून दिलंय का. मग त्यांना बाजूच्या पिंजऱ्यात सरकवायचं, दार बंद, कुलूप, मग आपण आत. झाडू, खरवडणी, होस पाइप, डिसइन्फेक्टंट, विष्ठा कशी आहे ते बघून नोंद. मग किचन, आणि तिथे तासनतास भाज्या चिरायच्या, वजन करून. केळी फार कमी बरं का, इंग्लंडच्या पेंटन झूने तर २०१४ च्या सुमारास माकडांची केळी बंद केल्याची बातमी पण झाली होती, कारण आपण लावलेल्या फळात साखर फार, जंगलातल्या फळात एवढी नसते. गोरिला तर मुख्यतः पाला खाणारा गडी. मग दुपारी एनरिचमेंट, म्हणजे खाणं सहज मिळू नये म्हणून पाइपला भोकं पाडून त्यात दाणे लपवायचे, गवतात पसरायचे, फांद्या बदलायच्या, आणि आपण तासभर खपून केलेलं खेळणं चिंपांझी दोन मिनिटात उघडून परत आपल्याकडे बघतो, तेव्हा काय वाटतं ते सांगता येत नाही. संध्याकाळी परत मोजणी आणि कुलपं.

कुलपांचं एक सांगतोच. नोकरीचा तिसरा महिना असेल, आमचे एक सीनियर माझ्या मागून चालत आले आणि मी नुकतंच लावलेलं कुलूप त्यांनी नुसतं खाली ओढलं, ते उघडलं. दाबलं होतं पण कटकन लागलं नव्हतं. ओरडले नाहीत काही नाहीत, कुलूप माझ्या हातात दिलं आणि पुढे निघून गेले. आत कॅपुचिन जातीची छोटी माकडं होती, त्यांची बोटं बघितलीत का कधी? तेव्हापासून मी घराचं कुलूप पण दोनदा ओढून बघतो, बायको हसते. आणि ही भीती काय उगाच नाही, अमेरिकेत ओमाहाच्या झूमध्ये १९६८ साली फू मांचू नावाचा ओरांगउटान एप सतत बाहेर सापडायचा, कीपर म्हणजे प्राणी सांभाळणारे दार उघडं टाकतात म्हणून त्यांची नोकरी जायची वेळ आली, शेवटी कळलं की हा पठ्ठ्या वायरचा तुकडा ओठाच्या आत लपवून ठेवतो आणि त्याने दार उघडतो.

तर अर्ज कसा करावा. "मला लहानपणापासून माकडं आवडतात" या वाक्याने सुरू होणारे अर्ज मी इतके वाचलेत की विचारू नका. त्यापेक्षा गोठ्यात काम केलं असेल, घोड्यांच्या तबेल्यात केलं असेल, कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये विष्ठा उचलली असेल ते लिहा, ते आम्हाला कळतं. झूलॉजी, सायकॉलॉजी, अँथ्रोपॉलॉजी, कुठलीही डिग्री चालते आणि बऱ्याच ठिकाणी मागतातही, पण डिग्रीवर कोणी किल्ल्या हातात देत नाही.

एक मुलगी आठवते. अनुभव शून्य, पण इंटरव्ह्यूच्या आधी तिकीट काढून तीन दिवस आमच्याच लेमूरसमोर येऊन बसली होती. एक प्राणी निवडायचा आणि ठरलेला वेळ फक्त त्याच्याचकडे बघून तो काय करतो ते लिहायचं, याला फोकल सॅम्पलिंग म्हणतात, जीन आल्टमन यांनी १९७४ साली या पद्धती नीट मांडल्या आणि आजही त्याच वापरतात. तिच्या वहीत एका म्हाताऱ्या मादीबद्दल तीन दिवस तेच, घास घेते, डोकं कलतं करते, डाव्या बाजूनेच चावते. आम्ही रोज बघत होतो आणि आमच्या लक्षात नाही आलं! डॉक्टरांनी बघितलं तर उजवीकडची दाढ किडलेली. मुलीला घेतलं हे वेगळं सांगायला नको.

जागा शोधायच्या तर अमेरिकेतली एझेडए, युरोपातली ईएझेडए, ब्रिटनमधली बिआझा या झूंच्या संघटना आहेत, त्यांच्या वेबसाइटवर सभासद झूंमधल्या जागा लागतात. कीपर लोकांची स्वतःची संघटना एएझेडके १९६७ पासून आहे. आफ्रिकेतल्या अभयारण्यांसाठी पासा म्हणून संघटना आहे. आणि फक्त झूच कशाला, अमेरिकेतल्या लुइझियानात चिंप हेवन आहे, प्रयोगाच्या लॅबमधून सोडवलेले चिंपांझी तिथे म्हातारपण काढतात, अशा ठिकाणी पण शिकायला खूप मिळतं.

मात्र सावध राहा. "पिल्लांना बाटलीने दूध पाजा, त्यांच्यासोबत झोपा" असं सांगून उलट तुमच्याकडूनच पैसे घेणाऱ्या जागा भरपूर आहेत. तिथे विचारा, एवढी पिल्लं येतात कुठून, त्यांच्या आया कुठे आहेत? मोठी झाल्यावर कुठे जातात? नीट उत्तर मिळालं नाही तर तिथून निघा. आणि टीबीचा रिपोर्ट न मागता लगेच आत सोडत असतील तरी निघा.

चांगल्या संस्थांबद्दल पण माझी तक्रार आहेच. सहा-सहा महिने बिनपगारी इंटर्नशिप, राहायची सोय आपली आपण, मग येणार कोण, तर ज्याच्या घरचे तेवढे महिने पोसू शकतात तोच. होस पाइप धरायला ज्यांचे हात सरावलेले असतात ती मुलं फॉर्म वाचूनच मागे फिरतात. निदान जेवण, राहणं आणि थोडं मानधन द्या, असं मी मीटिंगमध्ये बोललो की सगळे माना हलवायचे आणि पुढच्या वर्षी तीच जाहिरात निघायची. यावर तुमच्या पुरवणीने लिहिलं तर बरं होईल.

आपला,
एक निवृत्त कीपर

ता.क. पत्र छापलंत तर सोबत टाकायला फोटो मागू नका. १९ वर्षांत माझा माकडासोबत एकही फोटो नाही, एक आहे त्यात मी आणि ढकलगाडी आहे.