इगुआना मुलगी आणि तिची आई

पुणे,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय सुधास,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू हसलीस ना, ‘या वयात कॉमिक कसली वाचतेस’ म्हणून? तेव्हा कुकर शिट्ट्या मारत होता, म्हणून गप्प बसले. आता सविस्तर ऐक.

ती कॉमिक काढणाऱ्या बाईंचं नाव मोतो हागिओ. जन्म १९४९ चा, जपानमधल्या ओमुता या कोळशाच्या खाणींच्या गावातला. मुलींच्या मासिकांसाठी काढलेल्या चित्रकथांना जपानात शोजो मांगा म्हणतात. बाईंची पहिली गोष्ट १९६९ साली छापून आली, म्हणजे विसाव्या वर्षी. पुढच्याच वर्षी त्या टोकियोला आल्या आणि तिथल्या ओइझुमी भागात केइको ताकेमिया या दुसऱ्या चित्रकर्तीबरोबर एका घरात राहू लागल्या. बरोबरीच्या मुली तिथे मुक्कामाला येत, एकमेकींची पानं पुरी करून देत. पुढे दोघींचं बिनसलं. त्यावर बाई २०२१ पर्यंत गप्प होत्या. मग पुस्तक लिहिलं, आणि नावातच बजावलं की हे एकदाच सांगतेय!

१९७४ ची गंमत सांगते. जपानी मासिकांना वाचक मतं कळवतात आणि त्यावर मालिकेचं आयुष्य ठरतं. बाईंची ‘थॉमसचं हृदय’ ही मालिका सुरू झाली आणि पहिल्याच हप्त्याला शेवटचा नंबर. संपादक म्हणाले, आवरतं घ्या. बाईंनी कशीबशी मुदत मागून घेतली. तेवढ्यात त्यांच्या ‘पो घराण्या’चं पहिलं पुस्तक निघालं. कधीच मोठा न होणाऱ्या, रक्त पिणाऱ्या पोराची ती कथा. तीस हजार प्रती तीन दिवसांत संपल्या. मग कोण कशाला मालिका बंद करतंय!

पण मला झोपू दिलं नाही ते १९९२ च्या ‘इगुआना मुली’नं. आईला थोरली लेक, रिका, चक्क इगुआना दिसते, म्हणजे घोरपडीसारखा मोठा सरडा. रिकालाही स्वतःचं तेच रूप दिसतं. बाकी सगळ्यांना साधी मुलगी. आपल्याला मात्र बाई इगुआनाच दाखवतात: शाळेच्या गणवेशात, खवल्यांची, मोठ्या डोळ्यांची. धाकटीचे लाड होताना ती बाजूला उभी. आई जाते तेव्हा रिका तिचा चेहरा बघते, तर तोही इगुआनाचाच. मी पुस्तक मिटून पाणी प्यायला उठले.

बाईंच्या घरीही हे काम कुणाला पसंत नव्हतं. १९७६ साली शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेचा पुरस्कार मिळाला, तरी आईवडिलांचं ‘सोड हे’ चालूच. आईचं मन वळलं तेव्हा बाई साठीच्या होत्या. तेही एका मांगा काढणाऱ्या चित्रकाराच्या बायकोवरची टीव्ही मालिका बघून! मला हे वाचताना तुझी रंगपेटी आठवली, काकूंनी माळ्यावर टाकलेली. काकूंना दोष देत नाही गं, त्यांच्यापुढे चार पोरांच्या फिया होत्या.

‘पो घराणं’ १९७६ ला थांबलं होतं. चाळीस वर्षांनी, २०१६ मध्ये, बाईंनी तेच पोर पुन्हा काढायला घेतलं. तो अंक हातोहात खपला. पोर तेवढंच, काढणारा हात सदुसष्ट वर्षांचा.

इंग्रजी भाषांतर आहे माझ्याकडे, मंगळवारी कुरियर करते. इगुआनाची गोष्ट दुपारी वाच, रात्री नको. आणि माळ्यावरची पेटी अजून आहे का, ते कळव.

तुझी,
मंदा