चष्म्याच्या नंबराच्या चिठ्ठीवर पीडीही (बाहुल्यांमधलं अंतर) लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी अमळनेरला घरीच ब्लाउज शिवते. गेल्या श्रावणात कानबाईच्या सणाआधीच्या गर्दीत काळ्या अस्तरावर काळा दोरा दिसेना आणि एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली गेली. सगळी टीप उसवली, तेव्हा मान्य केलं की चाळिशी लागली.

आठवडे बाजारातून दीडशे रुपयांचा तयार चष्मा आणला. दुपारपर्यंत डोकं ठणकायचं. पुढे सरकारी दवाखान्यात डोळे तपासले तेव्हा कारण कळलं. माझा उजव्या डोळ्याचा नंबर दीड आणि डाव्याचा सव्वादोन. तयार चष्म्यात दोन्ही काचा एकाच नंबराच्या असतात.

चिठ्ठी घेऊन जळगावच्या एका मोठ्या दुकानात गेले. ‘प्रोग्रेसिव्हच घ्या, ब्लू कटही हवं’ असं म्हणत 4,800 रुपये सांगितले. मला लांबचं स्वच्छ दिसतं, मग लांब-जवळ एकाच काचेत देणारं प्रोग्रेसिव्ह कशाला? आणि ब्लू कट मोबाइलच्या निळ्या उजेडासाठी, पण मी दिवसभर सुईकडे बघते, मोबाइलकडे नाही. फ्रेमचे किती, काचेचे किती, हे विचारलं तर वेगळं सांगायला तयार नाहीत. 22 सप्टेंबर 2025 पासून नंबरच्या चष्म्यावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. तो फायदा पक्कं बिल मागितल्याशिवाय गिऱ्हाइकाला दिसणार कसा?

दसऱ्यानंतर एका छोट्या दुकानात गेले. तिथल्या काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘ताई, काम काय करता?’ पिशवीत टेप होतीच. मशीनवर बसते तशी बसून दाखवलं. डोळ्यापासून सुई 20 इंच भरली. वाचायचा नंबर चौदा-पंधरा इंचांसाठी काढतात, त्याहून लांब बघायला कमी नंबर लागतो, म्हणून त्यांनी दोन्हीकडे अर्धा नंबर कमी करून काचा डोळ्यांसमोर धरून दाखवल्या. मग पट्टीने दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजलं. ते याला पीडी म्हणतात. माझी 61 मिलिमीटर आहे. काचेचा मध्य बाहुलीसमोर आला नाही तर नंबर बरोबर असूनही डोळ्यांवर ताण येतो. फ्रेम 250, साध्या प्लॅस्टिकच्या काचा 350, असे 600 रुपये झाले, बिलासकट.

माझ्या सरकारी चिठ्ठीवर हा पीडीचा आकडा नव्हता. तो मोजायला मिनिटही लागत नाही. तपासणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की नंबराबरोबर पीडी लिहा आणि माणूस काय काम करतो हे विचारा. शिवणारीचं, भाजी निवडणारीचं आणि पोथी वाचणाऱ्याचं अंतर एक नसतं. दुकानदारांनीही फ्रेम आणि काचेचे भाव वेगवेगळे लिहून द्यावेत. चिठ्ठी गिऱ्हाइकाची आहे, ती ठेवून घेऊ नये.

माझी चिठ्ठी मी मापाच्या वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवली आहे. ‘सुईमा दोरा जात नही वं माय’ म्हणणाऱ्या आमच्या गल्लीतल्या तिघी अजून बाजारातल्याच चष्म्यावर आहेत. येत्या सोमवारी त्यांना घेऊन जाणार आहे, टेपसकट.

आपली,
एक शिवणकाम करणारी वाचक,
अमळनेर, जि. जळगाव