मेगाहर्ट्झ मोजून ऑर्गनायझर कळत नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गॅजेट्सवर लेख आला होता, त्यात हातात मावणाऱ्या ऑर्गनायझर्सचा, म्हणजे पत्ते, डायरी, टिपणं ठेवायच्या यंत्रांचा, एक तक्ता दिलाय. पाम, मायक्रोसॉफ्टच्या सिस्टीमवरचा पॉकेट पीसी, सायॉन आणि ॲपलचं न्यूटन, आणि पुढे रकाने काय तर प्रोसेसर, मेमरी, स्क्रीन, किंमत. आणि खाली निष्कर्ष असा की पॉकेट पीसी सगळ्यात पुढारलेला होता आणि पाम केवळ आधी बाजारात आला म्हणून खपला. आकड्यांबद्दल माझी तक्रार नाही, पण हा निष्कर्ष मला अजिबात पटला नाही म्हणून हे पत्र. त्या काळात मी पुण्यात कॉम्प्युटर सर्व्हिसिंगचं काम करायचो, डॉक्टर, वकील, बिल्डर, कंपन्यांचे सेल्सवाले अशी मंडळी ही यंत्रं घेऊन यायची, बरीचशी परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेली किंवा लॅमिंग्टन रोडवरून घेतलेली, आणि "जरा सिंक लावून द्या" म्हणायची. त्यामुळे कोण काय घेतो आणि सहा महिन्यांनी त्यातलं खरंच काय वापरतो हे मी जवळून बघितलंय.

आधी तुमच्याच तक्त्यातली दोन यंत्रं घेऊ. १९९९ चा पाम ५, प्रोसेसर १६ मेगाहर्ट्झ, मेमरी २ एमबी, स्क्रीन काळीपांढरी आणि १६० बाय १६० ठिपक्यांची. २००० सालचा कॉम्पॅकचा आयपॅक, म्हणजे एक पॉकेट पीसीच, प्रोसेसर २०६ मेगाहर्ट्झ, मेमरी ३२ एमबी, स्क्रीन रंगीत, २४० बाय ३२०, शिवाय गाणी वाजणार. कागदावर ही स्पर्धाच नाही. पण पामच्या खाली चार बटणं होती, डायरी, पत्ते, कामांची यादी आणि टिपणं, यंत्र बंद असलं तरी पत्त्यांचं बटण दाबलं की ते चालू होऊन थेट पत्तेच समोर यायचे, मधे काही नाही, वाट बघणं नाही. नाव बदललं, नंबर टाकला, की झालं, सेव्हचं बटणच नव्हतं कारण सेव्ह करायला काही उरायचंच नाही, लिहिलं तिथेच साठलं. त्या सिस्टीममध्ये प्रोग्रॅम मेमरीत जिथे ठेवलाय तिथूनच चालायचा, आधी डिस्कवरून उचलून आणा, मग उघडा असा प्रकार नव्हता, म्हणून १६ मेगाहर्ट्झ पुरून उरायचे. वेग प्रोसेसरमध्ये नव्हता हो, माणसाला काय पाहिजे याचा विचार करून जे वगळलं होतं त्यात होता.

आणि हे आपोआप झालं नव्हतं. जेफ हॉकिन्सनं पाम बनवायच्या आधी लाकडाचा एक ठोकळा खिशात बाळगला होता हे आता बऱ्याच जणांना माहीत असेल. मीटिंग ठरवायची वेळ आली की तो ठोकळा काढायचा आणि त्यावर लिहिल्यासारखं करून बघायचा, म्हणजे खिशात काय मावतं, हातात कसं बसतं, कुठल्या गोष्टी दिवसातून खरंच लागतात हे सर्किट बनायच्या आधी ठरलं होतं. पहिले पायलट, म्हणजे पामची पहिली यंत्रं, १९९६ च्या मार्चमध्ये आले, यूएस रोबोटिक्स या मोडेमवाल्या कंपनीच्या नावाखाली, १२८ केबी मेमरीचं मॉडेल २९९ डॉलरला. (केबी बरं का, एमबी नाही.)

त्याच्या आधी १९९३ मध्ये न्यूटन येऊन गेलं होतं, किंमत ७०० डॉलरच्या आसपास, आकार असा की शर्टाच्या खिशात जाणं शक्य नाही. त्याचा दावा होता की तुम्ही तुमच्या अक्षरात लिहा, यंत्र वाचेल. सुरुवातीच्या मॉडेलला ते नीट जमलं नाही आणि त्याचीच इतकी चेष्टा झाली की पुढच्या मॉडेलनी ते बरंच सुधारलं तरी नाव गेलं ते गेलंच, १९९८ मध्ये ॲपलनं ते बंद केलं. पामनं नेमकं उलट केलं, ग्राफिटी नावाची लिपी दिली आणि माणसालाच सांगितलं तू थोडं शीक. इंग्रजी ए म्हणजे आडवी रेघ नसलेला, नुसता उलटा व्ही. टी म्हणजे डावीकडून उजवीकडे रेघ आणि तशीच खाली. एका अक्षराला एकदाच टेकवायची पेन, अक्षरं डाव्या चौकोनात आणि आकडे उजव्या. लोकांना वाटतं हे कोण शिकणार, पण माझ्याकडे येणाऱ्यांत पन्नाशी उलटलेले डॉक्टर होते, ते पेशंट बाहेर बसलेले असताना शिकले आणि नंतर कागदावर लिहितानासुद्धा त्यांच्या हातून तसाच ए पडायला लागला. माणसाला अर्धा तास शिकवून यंत्राचं काम इतकं सोपं करायचं ही मला आजही फार मोठी अक्कल वाटते.

आता मायक्रोसॉफ्टची बाजू, कारण एकतर्फी लिहायचं नाहीये. विंडोज सीई ही छोट्या यंत्रांसाठीची सिस्टीम, ती १९९६ च्या अखेरीस आली तेव्हा त्यांनी ऑफिसातला डेस्कटॉप उचलून छोट्या स्क्रीनवर बसवला, खाली स्टार्ट, टास्कबार, आयकॉनवर दोनदा टॅप करा, सगळं तेच. ऑफिसात जे ओळखीचं ते खिशातही ओळखीचं वाटेल असा हिशोब. पण टेबलाशी खुर्चीत बसून माऊसनं काम करणं वेगळं आणि रिक्षात एका हातानं नंबर शोधणं वेगळं. हे त्यांना कळलं नाही असं नाही, २००० मध्ये पॉकेट पीसी आणला तेव्हा बरंच बदललं, स्टार्ट वर नेला, दिवसभराची कामं दाखवणारा पहिला स्क्रीन दिला, आयपॅकलाही खाली बटणं होतीच. पण एक खोड राहिली, प्रोग्रॅममधून बाहेर पडलं तरी तो बंद व्हायचा नाही, नुसता मागे जायचा, असे पाचसहा मागे साठले की यंत्र जड व्हायचं आणि मग सेटिंग्जमध्ये खोल जाऊन चालू प्रोग्रॅमची यादी काढून एकेक बंद करत बसा. तिथेच एक सरकपट्टी होती, किती मेमरी साठवणीला आणि किती प्रोग्रॅमना. मला सांगा, एखाद्या वकिलानं हे का शिकावं?

तरी ज्यांना खरंच वर्ड आणि एक्सेलच्या फाइल्स बरोबर न्यायच्या होत्या त्यांना मी स्वतः पॉकेट पीसीच घ्या म्हणायचो, सिंक करताना फाइलचं रूपांतर होऊन थोडी मांडणी बिघडायची पण बघता तरी यायचं, आणि रंगीत स्क्रीनवर नकाशा किंवा फोटो बघायचा असेल तर त्या काळात आयपॅकला तोड नव्हती, हे मान्यच करायला पाहिजे.

सायॉनवर तुमच्या लेखात दोनच ओळी आहेत आणि याचं मला सगळ्यात वाईट वाटलं. लंडनची ही कंपनी १९८४ पासून ऑर्गनायझर बनवत होती, म्हणजे बाकीचे सगळे यायच्या कितीतरी आधी. १९९७ चं सिरीज ५ ज्यांनी उघडून बघितलंय त्यांना आठवेल, झाकण उघडताना कीबोर्ड पुढे सरकत यायचा आणि स्क्रीन मागे टेकून बसायची, त्यामुळे स्क्रीनवर बोट टेकवलं तरी यंत्र उलटं पडायचं नाही. त्यावर दोन्ही हातांनी टायपिंग होत होतं, पूर्ण लेख लिहिता यायचे, दोन साध्या डबल-ए सेलवर, प्रोसेसर १८ मेगाहर्ट्झच्या आसपास आणि आतली एपॉक सिस्टीम एका वेळी अनेक प्रोग्रॅम खरोखर चालवणारी. मेमरी कमी आहे, सेल कधीही संपू शकतो, आणि माणूस हे यंत्र महिनोन्महिने रीस्टार्ट करणार नाही हे गृहीत धरून ती लिहिलेली होती. निव्वळ सिस्टीम म्हणून विचाराल तर या सगळ्यांत माझं मत एपॉकला. आणि ती वायाही गेली नाही, १९९८ मध्ये सायॉननं नोकिया, एरिक्सन वगैरेंबरोबर सिंबियन कंपनी काढली आणि एपॉकचंच पुढे सिंबियन झालं. आपल्याकडे ज्यांनी नोकिया ६६०० वापरलाय, आणि तो किती चालला हे वेगळं सांगायला नको, त्यांच्या हातात सायॉनचीच पुढची पिढी होती. हे वाचकांना सांगायला पाहिजे होतं.

तुमच्या तक्त्यात बॅटरीचा रकानाच नाही याचं मला नवल वाटलं. पायलटला दोन ट्रिपल-ए सेल लागायचे आणि ते काही आठवडे जायचे, गावाला गेलात तरी कुठल्याही किराणा दुकानात सेल मिळायचा. आयपॅक रोज रात्री चार्जिंगला लावायला लागायचा आणि ज्या गावात आठआठ तास लोडशेडिंग तिथे रोज रात्री म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या माणसाला समजावायला नको. आणि हा नुसता सोयीचा प्रश्न नव्हता. या यंत्रांत नोंदी रॅममध्ये असायच्या, वीज पूर्ण गेली की नोंदी पुसल्या. पामचे सेल बदलताना साधारण मिनिटभर आतली मेमरी टिकायची, तेवढ्यात नवे सेल घालायचे. पॉकेट पीसीच्या घराण्यात हा प्रकार २००५ च्या विंडोज मोबाइल ५ मध्ये जाऊन सुटला. त्याआधीच्या कॅसिओच्या डिजिटल डायऱ्यांचंही तेच, सेल संपला आणि दुकानदाराचे सगळे उधारीवाल्यांचे नंबर गेले असं तेव्हा घरोघरी ऐकायला मिळायचं.

म्हणूनच पामचं सिंकचं बटण मला त्या यंत्राचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. स्टँडमध्ये ठेवा, एक बटण दाबा, यंत्रातलं पीसीवर आणि पीसीवरचं यंत्रात, दोन्हीकडे सारखं. यंत्र पाण्यात पडलं, चोरीला गेलं, तर नवं आणून तेच बटण दाबायचं की पत्ते, तारखा, टिपणं सगळं परत. आणि ते सगळं तुमच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर पडून असायचं, कुठल्या कंपनीकडे खातं उघडा, पासवर्ड आठवा हे काही नाही.

पाम का मागे पडला हे पण प्रामाणिकपणे लिहायला पाहिजे. जी सिस्टीम एका वेळी एकच काम करण्यासाठी बांधली होती ती फोन, इमेल आणि इंटरनेट एकत्र आल्यावर अपुरी पडली. कंपनीचे हातही फार बदलले, यूएस रोबोटिक्सनंतर थ्रीकॉम, १९९८ मध्ये हॉकिन्स आणि पामची प्रमुख डोना ड्युबिन्स्की बाहेर पडून हँडस्प्रिंग ही वेगळी कंपनी काढतात, २००३ मध्ये यंत्राची कंपनी वेगळी आणि सिस्टीमची वेगळी होते. नवी सिस्टीम, कोबाल्ट नावाची, लिहून तयार झाली पण तिच्यावर चालणारं एकही यंत्र बाजारात आलं नाही. शेवटी २००६ च्या सुरुवातीला पामनंच मायक्रोसॉफ्टच्या विंडोज मोबाइलवर चालणारा ट्रिओ फोन विकायला काढला. ज्यांनी वर्षानुवर्षं पाम वापरला होता त्यांना ती बातमी वाचून काय वाटलं असेल याची कल्पना करा.

आणि मराठी? या सगळ्या भांडणात मराठी कुठेच नव्हती. पत्ते इंग्रजी अक्षरात, त्यामुळे एक चौधरी एका स्पेलिंगनं आणि दुसरा दुसऱ्या, शोधताना दोन्ही करून बघायचं. या प्रश्नाला हात घातला तो बंगळुरूच्या सिंप्युटर या हातात मावणाऱ्या कॉम्प्युटरनं, भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोर या कंपनीची मंडळी यांनी मिळून. आत लिनक्स, भारतीय भाषांत मजकूर वाचून दाखवायची सोय, आणि स्मार्ट कार्डची खाच, म्हणजे गावात यंत्र एकच पण प्रत्येकाचं कार्ड वेगळं, आपलं कार्ड घाला आणि आपली माहिती बघा. २००४ मध्ये अमिडा या नावानं ते विक्रीला आलं, खप झाला नाही, त्याची कारणं बरीच आहेत. पण मराठी पेपरातल्या ऑर्गनायझर्सच्या तक्त्यात सिंप्युटरचं नावसुद्धा नसावं हे मला खरंच खटकलं.

हे सगळं आत्ता का लिहितोय, तर तुमच्याच पुरवणीत दर आठवड्याला मोबाइलची तुलना येते आणि तिच्यातही रकाने तेच, प्रोसेसर, रॅम, कॅमेरा किती मेगापिक्सेल. लोक तो तक्ता बघून पंधरावीस हजार खर्च करतात. त्यात आणखी चार रकाने घालाल का? सिस्टीमचे अपडेट किती वर्षं मिळणार. दिवसभर भरपूर वापरल्यावर रात्री बॅटरी किती उरते. फोन बदलायचा झाला तर नंबर, फोटो, टिपणं बाहेर काढून दुसऱ्या कंपनीच्या फोनमध्ये नेता येतात का आणि त्याला किती खटपट. आणि मराठीत टाइप करायला, मराठी नावानं नंबर शोधायला फोन कितपत नीट जमतो. यातलं शेवटचं तर एखाद्या मराठी वर्तमानपत्रानंच तपासायचं, इंग्रजी वेबसाइटवर ते कधीच सापडणार नाही. तपासायला माणूस हवा असेल तर मी यायला तयार आहे, पत्ता आणि नंबर पाकिटावर दिलाय.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे