फॉरमॅट न मारता संगणक उभा करणाऱ्या दादास

प्रिय दादा,

तू माझ्या मुलाच्या वयाचा, पण दुकानात येईल त्याला दादा म्हणायची सवय आहे, तीच इथंही चालू दे. नाव लिहू नको म्हणालास म्हणून लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत.

नागपूरच्या महाल भागात माझं टायपिंगचं दुकान. येणारा प्रत्येक जण पेनड्राइव्ह घेऊन येतो, आणि तो कुठकुठे लावून आणलाय हे त्यालाही ठाऊक नसतं. मे महिन्यातल्या त्या दुपारी असाच एक लावला, तर आतल्या सगळ्या फोल्डरांवर बारकासा बाण. मी क्लिक केलं. संध्याकाळपर्यंत, कुठले प्रोग्राम चालू आहेत ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडेना आणि डी ड्राइव्हमधले माझे फोल्डर दिसेनासे झाले. त्यात एका मुलीचा पीएचडीचा प्रबंध होता, ३१२ पानं, तळटिपांसकट. जमा करायला नऊ दिवस उरले होते. जपून ठेवलेली प्रत ज्या पेनड्राइव्हवर होती, तोही मी घाबरून त्याच संगणकाला लावला होता.

अँटिव्हायरसनं व्हायरस काढला, पण विंडोज काही सुधारली नाही. दोन ठिकाणी विचारलं. दोन्हीकडे एकच उत्तर, "फॉरमॅट मारा." म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाका.

तू आलास आणि कशालाही हात लावायच्या आधी विचारलंस, "काकू, यात काय काय आहे?" हे मला कोणीच विचारलं नव्हतं. मी सांगत गेले, तू कागदावर लिहून घेत गेलास: प्रबंध, लग्नपत्रिकांचे नमुने, वीस वर्षांत जमवलेले मराठी फॉन्ट. मग तुझ्या पेनड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी संगणक चालवणारी दुसरी प्रणाली, सुरू केलंस. "विंडोज चालूच नाही झाली, तर तिच्यातला व्हायरस तरी कसा चालेल?" म्हणालास. तिथं माझे सगळे फोल्डर जागच्या जागी दिसले. व्हायरसनं ते फक्त लपवले होते आणि त्यांच्या नावाचे खोटे शॉर्टकट पुढे मांडले होते. मला रडू आलं. तू काही न बोलता सगळं वेगळ्या डिस्कवर उतरवत बसलास.

दुरुस्तीला हात घातलास तो त्यानंतर. विंडोज सुरू होण्याआधीच चालणारं ऑफलाइन स्कॅन आधी केलंस. मग कमांड लिहायच्या काळ्या खिडकीत एसएफसी, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या फायली तपासून दुरुस्त करणारी कमांड. खराब फायली सापडल्या, पण काही दुरुस्त होईनात. तू समजावलंस की विंडोज आपल्या फायलींची चांगली प्रत स्वतःजवळ ठेवते, एसएफसी त्या प्रतीवरूनच दुरुस्ती करतं, आणि इथं ती प्रतच बिघडली आहे. म्हणून मोबाइलचं नेट जोडून, ती प्रतच दुरुस्त करणारी डिसमची कमांड दिलीस, म्हणजे चांगल्या फायली मायक्रोसॉफ्टकडून येतील. आकडा ६२.३ टक्क्यांवर थांबला तो हलेचना. कूलरसमोर बसूनही मला घाम फुटला होता. मी म्हटलं, बंद करून परत लाव. तू म्हणालास, "नाही काकू, इथं थांबतं ते. आतून काम सुरू आहे." आणि तू खरंच थांबलास, चहासुद्धा न घेता. आकडा १०० झाला, एसएफसी पुन्हा चालवलंस आणि या वेळी सगळ्या फायली दुरुस्त झाल्या. टास्क मॅनेजर मात्र व्हायरसनं रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्ज जिथं साठवलेल्या असतात तिथून, बंद करून ठेवला होता, तो शेवटी हातानं उघडलास.

पैशांचं विचारलं तर चप्पल घालून निघालाससुद्धा.

आता कोणाचाही पेनड्राइव्ह आधी स्कॅन करते, बाणाचं फोल्डर दिसलं की उघडत नाही. रोज रात्री काम डिस्कवर घेते आणि डिस्क काढून कपाटात ठेवते, तू सांगितलंस तशी.

प्रबंध वेळेत जमा झाला. त्या आधी ती मुलगी ऋणनिर्देशाचं पान घेऊन आली. मार्गदर्शक, आईवडील, ग्रंथालय, आणि खाली पेनानं वाढवलेली एक ओळ: "आणि ज्यांचं नाव मला माहीत नाही, त्या संगणकवाल्या दादांचे." ती ओळ मीच टाइप केली, तुझ्या हातच्या संगणकावर.

तुझी,
टायपिंगवाली काकू
महाल, नागपूर