ताई, आधी नुसतं बघायला दिलंत म्हणून

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानले असते तर तुम्ही ‘बरं, बरं’ म्हणून विषय बदलला असता, म्हणून हे उघड पत्र. शिवाय प्रिंटर आणि विसरलेले पासवर्ड सांभाळता सांभाळता ज्यांच्या गळ्यात अचानक सर्व्हर येऊन पडतात, अशा माझ्यासारख्या कुणाच्या उपयोगी पडलं तर पडलं.

आधीच्या नोकरीत एकच रूट खातं, म्हणजे सगळे अधिकार असलेलं मुख्य खातं, होतं आणि त्याचा पासवर्ड सगळ्यांना पाठ होता. रात्री एखादं मशीन कुणी बंद केलं हे शोधायला गेलं की नोंदीत सगळीकडे रूटच. तुमच्याकडे आले तेव्हा तसाच एक पासवर्ड मिळेल असं धरून चालले होते. तुम्ही मला माझ्या नावाचं खातं काढून दिलंत, त्याला दुसरी पायरी म्हणून मोबाइलवरचा सहा आकडी कोड लावलात, आणि भूमिका दिलीत पीव्हीई-ऑडिटर. म्हणजे प्रॉक्समॉक्सच्या (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीनं चालवणाऱ्या प्रणालीच्या) वेब-पानावर सगळं दिसणार, पण हात कशालाच लागणार नाही. खरं सांगायचं तर तेव्हा जरा राग आला होता. आता वाटतं, तेवढ्या काळात जे शिकले ते बटणं हाताशी असती तर शिकलेच नसते. काही हळू चाललं की पहिला हात रीस्टार्टवर गेला असता. हात बांधलेले होते, म्हणून कारण शोधणं भाग पडलं.

आणि बघायचं कसं, हेही तुम्हीच शिकवलंत. डावीकडच्या यादीत मशीनच्या नावापुढे हिरवी खूण दिसली की मी निर्धास्त होत असे. ही मशीनं ज्याच्यावर चालतात त्या यजमान सर्व्हरवर तुम्ही टॉप ही कमांड लावून दाखवलंत: प्रत्येक आभासी मशीन म्हणजे लिनक्सच्या लेखी क्यूईएमयू या मशीनचं सोंग घेणाऱ्या प्रोग्रामची एक साधी प्रोसेस. आभासी मशीनं चालवण्याची लिनक्सची सोय, केव्हीएम, २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० आवृत्तीत आलं तेव्हापासून ही मांडणी अशीच आहे. हिरवी खूण एवढंच सांगते की ती प्रोसेस जिवंत आहे. आतला डेटाबेस कधीचा मरून पडला असेल, तरी बाहेर हिरवंच. तो हिरवा रंग मला अजूनही जरा जास्तच गोड वाटतो. म्हणून आता आतल्या सेवांची विचारपूस करणारी वेगळी देखरेख लावली आहे.

मेमरीच्या आलेखाचंही तेच. लिनक्सचं मशीन नव्वद टक्क्यांवर दिसलं की मी धावत तुमच्याकडे यायची. तुम्ही शांतपणे आतल्या फ्री कमांडचा ‘अव्हेलेबल’ रकाना दाखवायचात. फाइल-कॅशसाठी घेतलेली मेमरी बाहेरून वापरलेली दिसू शकते. आत मात्र ती गरज पडली की लगेच मोकळी होणारी असते. आठवड्याचा आलेख सरासरी दाखवतो, त्यामुळे पाच मिनिटांचा उंच सुळका त्यात सपाट होऊन जातो. तो पाहायचा तर वरच्या यादीतून ‘मॅक्झिमम’ निवडायचं. ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे किती ठिकाणी ‘सर्व्हरवर काही ताण नव्हता’ असं छातीठोकपणे सांगितलं जात असेल!

सगळ्यात जास्त कामाला आला तो ‘आयओ डिले’. सीपीयू निवांत, मेमरी निवांत, तरी सगळी मशीनं एकदम रेंगाळलेली, अशी तक्रार दुपारी यायची. तुम्ही उत्तर दिलं नाहीत, नोडच्या, म्हणजे यजमान सर्व्हरच्या, सारांशात ती एक रेघ बघायला सांगितलीत आणि शेजारी टास्क लॉग, म्हणजे झालेल्या कामांची नोंद, उघडायला लावलात. डिस्कची वाट बघण्यात जाणारा वेळ चढत होता तो नेमका दुपारच्या बॅकअपच्या वेळेला. तो बॅकअप रात्री हलवला आणि वेगाला लगाम घातला; तक्रारी थांबल्या. ऑडिटर खात्यावरून मी शोधलेलं ते पहिलं कारण. बदल अर्थात तुमच्या हातून झाला.

मग पीव्हीई-व्हीएम-यूजर ही भूमिका मिळाली, म्हणजे चालू-बंद करणं आणि ब्राउझरमधूनच मशीनचा पडदा उघडणं. तेव्हा तुम्ही शटडाउन आणि स्टॉप यांतला फरक इतक्या वेळा घोकून घेतलात की झोपेतही सांगेन. शटडाउन आतल्या यंत्रणेला निरोप देतं, ती आवराआवर करते आणि बंद होते. स्टॉप म्हणजे सरळ वीज तोडणं. रीबूट आणि रीसेट यांतही तेच अंतर. त्याहून बारकी गोष्ट म्हणजे हार्डवेअरच्या पानावर रंगीत अक्षरात ताटकळत राहिलेले बदल. मेमरी वाढवली, मशीनच्या आत शिरून रीबूट केलं, तरी मेमरी तेवढीच. कारण आतल्या रीबूटने क्यूईएमयूची प्रोसेस तीच राहते. वेब-पानावरून रीबूट केलं किंवा पूर्ण बंद करून चालू केलं तरच नवा आकडा लागू होतो. हे मी पुढे दुसऱ्यांना सांगून बरीच वाहवा मिळवली आहे; ती तुमच्या खात्यावर जमा समजा.

चाचणीच्या नोडवर तुम्ही एक दिवस मुद्दाम वेब-पानच बंद केलंत. माझ्या ब्राउझरमध्ये ८००६ पोर्टवर काहीच येईना. ‘आता काय?’ म्हणालात. मशीनं मात्र सगळी चालू होती, त्यांच्यावर काम करणाऱ्यांना पत्ताही नव्हता. मग एसएसएचने, म्हणजे दुरून कमांड देण्याच्या वाटेने, आत जाऊन क्यूएम लिस्ट, क्यूएम स्टेटस या मशीनांची स्थिती सांगणाऱ्या कमांड, आणि शेवटी वेब-पान पुरवणारी पीव्हीईप्रॉक्सी ही सेवा पुन्हा सुरू करणं. वेब-पान म्हणजे केवळ दर्शनी दार, घर मागे उभंच असतं, हे त्या दिवशी पक्कं झालं. वेब-पान गेल्यावर ज्यांना सर्व्हरच गेला असं वाटतं ते घाबरून यजमान सर्व्हरच रीबूट करतात आणि चालती मशीनं पाडतात.

या सगळ्याची खरी परीक्षा तुम्ही नोकरी सोडल्यावर झाली. एका सकाळी यादीत बऱ्याच मशीनांवर पिवळी खूण, स्थिती ‘आयओ-एरर’, आणि ती मशीनं थिजलेली. प्रत्येकाच्या आतला आदल्या दिवशीचा अहवाल बघावा तर डिस्कवर भरपूर जागा शिल्लक. मी तुम्हाला फोन केला. तुमच्या नव्या नोकरीतली बैठक सोडून तुम्ही बाहेर आलात आणि पहिला प्रश्न विचारलात, ‘थिन पूल किती भरलाय?’ शंभर टक्के. ‘अगं, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?’

थिन पूल म्हणजे सगळ्या मशीनांच्या डिस्कांना जागा पुरवणारा सामायिक साठा, आणि त्याची हीच गोम. प्रत्येक मशीनला कागदोपत्री मोठी डिस्क दिलेली असते, खरी जागा लिहिलं जाईल तसतशी लागते. सगळ्या डिस्कांची बेरीज खऱ्या जागेपेक्षा जास्त असली तरी कुणी अडवत नाही. आत फाइल पुसली तरी डिस्कार्ड, म्हणजे मोकळी झालेली जागा कळवण्याची सोय, चालू नसेल तर पूलला ती जागा परत मिळत नाही. भरीस भर म्हणजे जुने स्नॅपशॉट, डिस्कच्या त्या त्या क्षणीच्या जपून ठेवलेल्या स्थिती. आमच्याकडे एका बाहेरच्या ठेकेदाराने अपडेटच्या आधी काढलेले स्नॅपशॉट तसेच पडून होते आणि त्या मशीनवर रोज भरपूर लिहिलं जात होतं.

तुम्ही उभारणीच्या वेळी व्हॉल्यूम ग्रुपमध्ये, म्हणजे पूल ज्यातून कापून घेतला त्या एकत्र जागेत, थोडी जागा कुणालाच न देता ठेवली होतीत. मला ती तेव्हा फुकट गेल्यासारखी वाटायची. त्या सकाळी तिच्यातूनच पूल वाढवला, मग जुने स्नॅपशॉट काढले, मग एकेक मशीन रिझ्यूम केलं. घाईने काहीही पुसू नकोस, आधी पूलला श्वास घेऊ दे, हे तुम्ही फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होतात. डिस्कार्ड चालू करून आतून एफएसट्रिम ही रिकामी जागा पूलला परत देणारी कमांड चालवली ती संध्याकाळी, निवांतपणे. आता पूल ऐंशी टक्क्यांवर गेला की मला निरोप येतो, डेटाचाही आणि मेटाडेटाचाही, म्हणजे कुठली जागा कुणाची याच्या नोंदींचाही. दुसरा आकडा लोक हमखास विसरतात.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, हे तुमचं वाक्य भिंतीवर चिकटवलं आहे. बॅकअप अधूनमधून वेगळ्या क्रमांकाच्या मशीनवर परत उतरवून बघते, नेटवर्क कार्ड काढून, म्हणजे जुळं मशीन खऱ्याशी भांडायला नको.

एका बाबतीत मात्र तुमच्याशी माझं अजून पटत नाही. तुम्ही मशीनांना नुसत्या क्रमांकाने ओळखायचात, नोंदींचा रकाना रिकामा. तुमच्या डोक्यात सगळं होतं, माझ्या नाही. मी प्रत्येक मशीनच्या नोट्समध्ये ते कशासाठी आहे, कुणाचं आहे, बंद केलं तर कोण ओरडेल हे लिहून काढलं. तीन मशीनं अशी निघाली की कुणाचीच नव्हती. त्यांचा बॅकअप घेऊन ठेवला आहे. तुम्हाला त्यांतलं काही आठवत असेल तर कळवा, नाहीतर पुढच्या महिन्यात काढून टाकते.

लॉगिनचं पान बाहेरच्या इंटरनेटवर उघडं ठेवायचं नाही, व्हीपीएनमधूनच यायचं, हा तुमचा नियम कायम आहे. सुट्टीच्या दिवशी त्याचा कंटाळा येतो, तरीही.

नवीन मुलगा रुजू झाला आहे. त्याला ऑडिटरचं खातं दिलं तेव्हा त्याचंही तोंड उतरलं. परवा त्याने आयओ डिलेबद्दल पहिला प्रश्न विचारला. आणि तुमचं जुनं खातं बंद केलं, ताई. तुमच्या हस्तांतराच्या यादीत ते पहिलंच काम होतं, मीच ते उगाच लांबवत होते. फोन मात्र करत राहीन.

तुमची कृतज्ञ,
तुमच्या खुर्चीवर आता बसणारी