माईंनी विचारलेलं

पंचवटी, नाशिक
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय अव्या,

पाडव्याला बोललो, त्यानंतर आजच. चार महिने झाले. तू दोनदा फोन केलास आणि दोन्ही वेळा मी 'नंतर करतो' म्हणून ठेवून दिला. रागावला असशील. रागाव. पण हे पत्र शेवटपर्यंत वाच, कारण यातलं एक अक्षरही मला फोनवर बोलता येणार नाही आणि तुझ्याखेरीज दुसऱ्या कुणाला ते कळणारही नाही.

आधी उरकून टाकतो: माझा गुडघा आहे तसाच आहे, हिची शुगर आटोक्यात आहे, आईला आता ऐकायला अजिबात येत नाही. माईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एक डोळा छान, दुसरा दिवाळीनंतर.

माईंचंच सांगायचं आहे.

आपल्या वाचनाच्या कट्ट्याबद्दल तुला बोललो होतो. सार्वजनिक वाचनालयात ओळख झालेले आम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा सरांच्या गच्चीवर जमतो. (सर म्हणजे आपलेच. फिजिक्स. तुझ्या जर्नलवर 'हे अक्षर की गांडुळं' लिहिणारे. एक्क्याऐंशी वर्षांचे झालेत आणि तुझं अक्षर अजून विसरलेले नाहीत.) ऑपरेशननंतर माईंना वाचायला बंदी होती. घरी एकट्या बसून काय करणार, म्हणून मी त्यांनाही घेऊन जायला लागलो. या खेपेचं पुस्तक मी सुचवलं होतं. जॉर्ज साँडर्सची कादंबरी, 'लिंकन इन द बार्डो', २०१७ साली बुकर मिळालेली. इंग्रजी माईंना झेपलं नसतं, म्हणून दुपारी जाऊन मी ती वाचायचो आणि मराठीत सांगत जायचो. अकरा दुपारी लागल्या. ते सगळं वाचून मी माईंच्या पुढ्यात काय नेऊन ठेवतोय, हे मला तेव्हा कळायला हवं होतं, अव्या. नाही कळलं.

गोष्ट अशी. अब्राहम लिंकनचा मुलगा विली २० फेब्रुवारी १८६२ ला टायफॉइडनं गेला. अकरा वर्षांचा होता. पंधरा दिवस आधी व्हाइट हाउसमध्ये मोठी मेजवानी झाली होती. खाली बँड वाजत होता आणि वर पोर तापानं फणफणलं होतं. त्याला जॉर्जटाउनच्या ओक हिल स्मशानभूमीत दुसऱ्या एका कुटुंबाच्या थडग्यात ठेवलं. इथवर सगळं खरं घडलेलं. कादंबरीत बाप रात्री एकटा तिथे येतो, पेटी उघडतो आणि मुलाला मांडीवर घेऊन बसतो. तिथे आणखी पुष्कळ मेलेली माणसं आहेत आणि आपण मेलोय हे त्यांना मान्यच नाही. पेटीला ती 'आजाराची पेटी' म्हणतात. बरं वाटलं की घरी जायचंय त्यांना! तिबेटी लोक मृत्यू आणि पुढच्या जन्माच्या मधल्या अवस्थेला बार्डो म्हणतात, ही तीच जागा. मोठ्यांचं तिथे कसंबसं चालतं, लहान मुलांनी मात्र रेंगाळायचं नसतं. त्यांचे हाल होतात, वेली येऊन जखडून टाकतात. पण विली हलत नाही, कारण बाप जाताना 'पुन्हा येतो' म्हणून गेलाय.

लक्षात येतंय ना?

कट्ट्यावर नुसती जुंपली. सरांनी सुरुवातच केली, 'हे पुस्तक आहे की मतदारयादी? दोन ओळी झाल्या की नवा माणूस बोलतो.' त्यांचं खरं आहे, सुरुवातीची तीस-चाळीस पानं कोण बोलतंय तेच कळत नाही. पण सरांची तक्रार तेवढीच नव्हती. ते म्हणाले, मेल्यावर काही उरत नाही हे ज्याला माहीत आहे, त्याला असल्या पुस्तकानं उगाच आशा लावू नये. आणि हे बोलताना ते बाईंच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. बाईंना जाऊन दोन वर्षं झाली, खुर्ची अजून गच्चीवरच आहे. मी काही बोललो नाही.

गंगेवरचे गुरुजी तुला आठवतील, ज्यांच्या धाकट्याशी तुझी कॅरमवरून मारामारी झाली होती. रोज रामकुंडावर लोकांची दशक्रिया करणारा माणूस. वाटलं, हे खूश होतील. तेच सगळ्यात जास्त चिडले! पुस्तकात एक पाद्री आहे. त्याला एकट्याला माहीत असतं की आपण मेलोय. तो न्यायासनापुढे जाऊन, घाबरून पळून आलेला असतो. त्याला शिक्षा ठरते, पण त्याचा गुन्हा काय ते शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. गुरुजी म्हणाले, 'चाळीस वर्षं मी लोकांना सांगतोय की विधी नीट झाला की जीव सुटतो. आणि हा लेखक म्हणतो, सगळं आयुष्य नीट वागून काय होईल ते सांगता येत नाही. हे वाचून मला दोन रात्री झोप आली नाही.' गुरुजींचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

कॉलेजरोडचा तो मुलगा वेगळंच बोलला आणि मला वाटतं सगळ्यात मोलाचं तोच बोलला. त्या स्मशानाला कुंपण आहे, कुंपणाबाहेर काळ्या गुलामांचा खड्डा आहे आणि मेल्यावरसुद्धा गोरी भुतं त्यांना आत येऊ देत नाहीत. तो म्हणाला, 'तुम्ही सगळे बापाच्या दुःखाबद्दल बोलताय. त्या बायकांच्या मेलेल्या पोरांना मांडीवर घ्यायला कोण आलं? मी काळारामाच्या समोरून रोज जातो. १९३० साली बाबासाहेबांच्या सत्याग्रहात माझ्या पणजोबांनी त्या दारात मार खाल्ला. मला हे कुंपण समजावून सांगावं लागत नाही.' गच्ची गप्प. मग त्यानंच सांगितलं की त्यातला एक गुलाम शेवटी लिंकनच्या अंगात शिरतो, त्याच्याबरोबर घोड्यावरून निघतो आणि त्याच्यासाठी पुस्तक तिथे संपतं, मुलगा त्याला आठवतसुद्धा नाही. मी तीच पानं माईंना भरभर सांगून पुढे गेलो होतो. मला लाज वाटली. त्याला तसं बोललोही.

आणि मग मी बोललो. तुला माहीत आहे, एकदा बोलायला लागलो की मला थांबता येत नाही. तू त्रिंगलवाडीच्या किल्ल्यावर माझ्या तोंडात संत्रं कोंबलं होतंस. तू तिथे असायला हवा होतास, संत्र्यासकट. मी म्हणालो की या पुस्तकाचं सांगणं एकच आहे, जिवंत माणसानं धरून ठेवलं की गेलेल्याला जाता येत नाही, आपल्या मायेनंच त्याची फरफट होते, म्हणून सोडायला शिकलं पाहिजे. वर आणखी म्हणालो, हे आपल्याकडच्या सगळ्या घरांनी वाचायला हवं.

माई कोपऱ्यात बसल्या होत्या. काळा चष्मा होता. शांतपणे म्हणाल्या, 'म्हणजे दिन्याला मी अडकवून ठेवलंय का रे?'

अव्या, कुणीच काही बोललं नाही. खाली घंटागाडी गेली, तिचं ते गाणं तेवढं ऐकू येत होतं. सत्तावीस वर्षं त्या घरात त्यांच्या लेकाची सायकल बोळात उभी आहे. दर आठवड्याला पुसतात. श्रावणात त्याच्या तिथीला तळलेल्या मोदकांचं पान मांडतात आणि मीच तिथे बसून जेवतो. आणि मीच आठ माणसांसमोर त्यांना सांगितलं की तुमच्या मायेनं त्याची फरफट होते.

त्या रात्री मी पुस्तक पुन्हा काढलं आणि शेवट वाचला. मी चुकीचं सांगितलं होतं. तो मुलगा बापानं विसरल्यामुळे सुटत नाही. तो बापाच्या अंगात शिरतो, बापाच्या मनात काय चाललंय ते ऐकतो, तिथे त्याला कळतं की मी मेलोय. मग तोच सगळ्यांना ओरडून सांगतो आणि जातो. म्हणजे बापानं मनाशी खरं बोलल्यावर पोराला वाट मिळाली. माया होती तिथेच राहिली. लिंकननं त्याला सोडलंही नाही रे, १८६५ साली त्याची स्वतःची शवपेटी स्प्रिंगफील्डला नेली, तेव्हा विलीची पेटी त्याच आगगाडीत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माईंकडे गेलो. पाऊस होता, गंगापूर धरणाचं पाणी सोडलं होतं, दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत गंगा आली होती. माई भाजी निवडत होत्या. मी पाया पडलो, चुकलो म्हणालो आणि शेवट पुन्हा नीट वाचून दाखवला, एक वाक्यही न गाळता. त्यांनी ऐकून घेतलं. मेथीची जुडी संपेपर्यंत बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'बरं झालं सांगितलंस. पण त्या पोराला खरं कळलं म्हणून ते गेलं ना? मग मला तरी खरं सांगा. दहाव्याला तुम्ही दोघांनी कावळ्याला काय सांगितलंत?'

त्यांना हे कधीच कुणी सांगितलं नाही. त्या घरीच होत्या. आपण परत येऊन 'शिवला, माई' एवढंच म्हणालो आणि त्यांनी तेवढ्यावर सत्तावीस वर्षं काढली.

मी जेवढं मला ठाऊक आहे तेवढं सांगितलं. आधी जे आठवलं ते लिहितो, तुझं वेगळं असलं तर कळव. कारण या पुस्तकात एक गमतीचं प्रकरण आहे, त्या मेजवानीच्या रात्री आकाशात चंद्र कसा होता याबद्दलच्या साक्षीच साक्षी. कुणी म्हणतं पूर्ण चंद्र होता, कुणी म्हणतं नव्हताच. ते वाचलं तेव्हा मला आपलंच भांडण आठवलं. तू म्हणतोस ऊन होतं. मी म्हणतो झिमझिम होती, कारण काकांच्या हातातला पिंड भिजू नये म्हणून मीच छत्री धरली होती. तू म्हणतोस तासभर थांबलो. मला ते अडीच तास वाटतात. तू कागदात बांधून आणलेली कांदाभजी मात्र दोघांनाही आठवते. शेजारच्या पिंडाचा कावळा आला, आपलं एक भजं उचललं आणि पिंडाला न शिवता गेला, तेव्हा काकासुद्धा हसले. त्यानंतर ते कधी हसलेले मी पाहिले नाहीत.

काका म्हणाले, बहिणीचं लग्न करीन. नाही आला. मामा म्हणाले, कर्ज फेडू. नाही आला. मी पुढे होऊन म्हणालो, दिन्या, माईंना मी एकटं पडू देणार नाही. मला खात्री होती, अव्या. वाटलं, आता येणार. नाही आला. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले, आणि तू पुढे गेलास, खाली वाकलास, काहीतरी पुटपुटलास. तू सरळ व्हायच्या आत कावळा पिंडावर होता.

तू काय म्हणालास ते मी त्याच संध्याकाळी विचारलं. तू म्हणालास, 'तुझं काम नाही ते.' त्यावरून आपण सहा महिने बोललो नाही. कारण म्हणून मी वर्गणीचे पैसे पुढे केले होते, ते खरं नव्हतं. मला लागलं होतं. माझ्या शब्दाला जो आला नाही तो तुझ्या शब्दाला कसा आला, हे माझ्या मनातून आजवर गेलेलं नाही. माईंकडे दर आठवड्याला जातो त्यात थोडं तेही असतं, त्याला दाखवून द्यायचं असतं की बघ, मी बोललो होतो ते करतोय. हे मी माईंनाही सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, 'तू केलंस. आता त्याला विचार.'

म्हणून विचारतो. मला सांगू नकोस हवं तर. खरंच. त्यांना सांग. ते काहीही असो, अगदी त्या रात्रीच्या मोटारसायकलबद्दल असलं तरी. तिची किल्ली कुणी दिली हे मी कधी तुला विचारलं नाही आणि आताही विचारत नाही. पण तेच पुटपुटला असशील, तर माईंना ते ऐकायला मिळालं पाहिजे. मला वाटतं त्यांना अंदाज आहे. परवा सायकल पुसताना म्हणाल्या, 'अविनाश या बोळातून आत येतच नाही कधी, दारातूनच जातो.'

तुझ्या लेकीला हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाल्याचं हिच्याकडून कळलं, फार आनंद झाला, तिला माझे आशीर्वाद सांग. नव्या जागेचा ताबा मिळाला का? वहिनींची बदली रद्द झाली का? हे सगळं भेटल्यावर.

शुक्रवारी संध्याकाळची पंचवटी कल्याणला पकड. स्टेशनवर मी घ्यायला येईन. रात्र आमच्याकडे, शनिवारी सकाळी माईंकडे. पुढच्या गुरुवारी त्याची तिथी आहे, तोवर थांबलास तर पानावर आपण दोघं बसू. माई म्हणाल्यात, मोदक तळलेले की उकडीचे ते अविनाशला विचारून ठेव. मी तळलेले सांगितलेत. बदलायचं असेल तर बुधवारच्या आत कळव.

तुझा,
बाळू