बाबांच्या डाव्या हाताबद्दल

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हाताचा विषय काढला की बाबा केळीच्या भावावर जातात, म्हणून लिहून पाठवतेय. आई, हे त्यांना मोठ्यानं वाचून दाखव.

बाबा, रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही चहाची बशी उचललीत तेव्हा डावा हात दिसला. सदऱ्याची बाही दंडात रुतलेली, बोटं टम्म फुगलेली. खांद्यापासून छातीकडे निळ्या शिरांचं जाळं. आई म्हणते, डायलिसिसची सुई काढल्यावर पूर्वी दहा मिनिटं दाबलं की रक्त थांबायचं, आता अर्धा तास लागतो आणि मशीनही प्रेशरचा अलार्म सारखा देतं. इथल्या डॉक्टरांना हे सांगितलं. खांद्याजवळच्या मोठ्या शिरेत ती उघडी राहावी म्हणून टाकलेला स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, आतून अरुंद होत असणार, असं ते म्हणाले.

यात तुमची चूक नाही. स्टेंटच्या जाळीतूनही शिरेचं अस्तर आत वाढत राहतं. बऱ्याच जणांना काही महिन्यांनी पुन्हा आत फुगा फुगवून शीर रुंद करून घ्यावी लागते. सुरुवातीला घाईत मानेतून डायलिसिसची नळी, म्हणजे कॅथेटर टाकला आणि तो चार महिने तसाच राहिला, त्यानंच ही शीर दुखावली. डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडतात, तो फिश्चुला वेळेत करून घ्या, असं तेव्हा आपल्याला कुणी सांगितलं नाही. ते मला अजून सलतं.

घड कापले की जाऊ, असं म्हणू नका. स्टेंटमध्ये रक्ताची गाठ होऊन वाट बंद पडली तर फिश्चुला जाऊ शकतो. मग पुन्हा कॅथेटर, आणि मानेतून जमलं नाही तर जांघेतून. नवी किडनी पोटात खाली, जांघेच्या थोडं वरच्या रक्तवाहिन्यांना जोडतात. तिथली शीर गाठीनं बंद झाली, तर किडनी मिळण्याच्या यादीत नंबर लागूनही सर्जनना किडनी जोडायला अडचण. मला झोप लागत नाही ती यामुळे.

रोज उठल्याबरोबर फिश्चुलावर बोटं ठेवून थरथर बघा. ती लागली नाही तर पुढच्या डायलिसिसची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं. थंडी वाजून ताप आला तरी तसंच. अंगात इन्फेक्शन असलं की तेवढ्या काळापुरतं यादीतलं नावही थांबतं. रक्त पातळ ठेवायची गोळी कुणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नका, दात काढायचा असला तरी आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. बीपीचा पट्टा त्या हाताला लावू देऊ नका, त्या कुशीवर झोपू नका.

आखाजीला यायचंच होतं, ते आता आधी येते. गुरुवारी तुमचं डायलिसिस होईपर्यंत मी भुसावळला उतरेन. शुक्रवारी पहाटे आपण तिघं नाशिकला निघू, अपॉइंटमेंट घेतलीय. केळी काढणीचं काकांशी बोलले, ट्रक ते भरून देतील.

आई, फाईल, अँजिओग्राफीची सीडी, स्टेंटचं कार्ड आणि चालू गोळ्या एका पिशवीत भर. आणि त्यांचा सैल बाह्यांचा पांढरा सदरा काढून ठेव.

तुमची,
लेक